पणन मंडळ की पणन महासंघ? सोयाबीन नेमकं कोण घेतं

"पणनवाले सोयाबीन घेईनात," असं पारावर कुणी म्हणालं, की पहिला प्रश्न विचारायचा: कुठले पणनवाले? नावं सख्ख्या भावांसारखी असली तरी पणन महासंघ दुकान चालवतो, पणन मंडळ बाजारपेठेची व्यवस्था बघतं.

कृषी पणन मंडळ पुण्याचं, 1984 सालचं, बाजार समित्यांच्या कायद्याखाली झालेलं. समित्या आपल्या उत्पन्नातला वाटा मंडळाला देतात आणि मंडळ त्यांच्या बांधकामांकडे, गोदामांकडे, प्रशिक्षणाकडे बघतं, रोजची आवक आणि भाव जाहीर करतं. धान्याचा एक दाणाही ते विकत घेत नाही, भाव ठरवत नाही. भाव ठरतो समितीच्या आवारातल्या लिलावात.

पणन महासंघ ही मुंबईची सहकारी संस्था, 1958 ची. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघामार्फत हमीभावानं माल घेतो तो हा. (विदर्भात याच कामाला विदर्भ पणन महासंघही आहे.) तूर, हरभरा, सोयाबीन बहुतेक नाफेडसाठी (केंद्र सरकारच्या वतीनं खरेदी करणारी देशपातळीवरची सहकारी संस्था) घेतलं जातं, म्हणजे पैसा आणि अटी दोन्ही वरून येतात.

एकेकाळी हाच महासंघ वेगळ्या रुबाबात होता. 1972 साली कापूस एकाधिकार योजना आली, तेव्हा राज्यातला कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा, व्यापाऱ्याला नाही, असा कायदाच होता. खरेदीची जबाबदारी महासंघाकडे. आज उलटं आहे. शेजारी व्यापारी उभा आहे, आणि हमीभावाखाली खरेदी करायला त्याला फारशी अडचण येत नाही. त्यामुळे महासंघाचं केंद्र म्हणजे शेतकऱ्यापुढचा एक पर्याय, एवढंच. तो पर्याय किती खरा, हे 2024 च्या सोयाबीननं दाखवलं. हमीभाव 4892 रुपये, बाजारात चार हजारांच्या आसपास. तरीही पुष्कळांनी व्यापाऱ्यालाच माल घातला. कारण केंद्रावर आधी ऑनलाइन नोंदणी, सातबाऱ्यावर पीकपेरा, मग मेसेजची वाट. ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा (नंतर 15 पर्यंत सूट मिळाली), बारदाना संपला की काटा बंद, आणि पैसे खात्यात कधी येतील याची वाट. व्यापारी मात्र ओला माल भाव कापून का होईना घेतो आणि रोख मोजतो. दिवाळीच्या तोंडावर हा फरक क्विंटलमागे आठशे-नऊशे रुपयांपेक्षा मोठा वाटू शकतो. शेतकऱ्याला अडाणी म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

मग मंडळ काहीच कामाचं नाही का? आहे, फक्त कमी लोक तिकडे वळतात. समितीच्या गोदामात माल ठेवून शेतमाल तारण कर्ज मिळतं, ही योजना मंडळाची. सोयाबीनला किमतीच्या 75 टक्के, 6 टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी. वीस क्विंटल, भाव 4000 धरला तर 80 हजारांचा माल, 60 हजार हातात. सहा महिन्यांचं व्याज 1800. भाव चढला तर फायदा तुमचा, पडला तर तोटाही तुमचाच, कारण मंडळ खरेदीदार नाही. माझ्या मते, गरज साठ हजारांचीच असेल, तर सगळा माल पडेल भावात घालण्यापेक्षा हे बरं. पण गोदामात जागा आहे का, हे ट्रॅक्टर भरण्याआधी समितीत विचारून घ्या. नोंदणी, बारदाना, काटा यांची तक्रार असेल तर खरेदी-विक्री संघात जा. पुण्याला फोन लावून काही होणार नाही.