टोरी एमस

एमस, टोरी : (२२ ऑगस्ट १९६३ – ). अमेरिकन रॉक गायिका, गीतकार, संगीतकार व पियानोवादक. मूळ नाव मायरा एलन एमस. जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील न्यूटन येथे; बालपण मेरिलंडमध्ये. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. पाचव्या वर्षी बॉल्टिमोरच्या पीबडी संगीतसंस्थेत त्यांना शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला, अकराव्या वर्षी ती शिष्यवृत्ती बंद झाली. स्वरलिपी वाचून वाजवण्याचा कंटाळा आणि रॉकची ओढ, हे त्याचे कारण त्या स्वतः सांगत आल्या आहेत. किशोरवयातच त्या वॉशिंग्टनमधल्या बारमध्ये पियानो वाजवू लागल्या. सोबतीला वडील असत.

लॉस एंजेलिसला गेल्यावर १९८८ मध्ये ‘वाय कान्ट टोरी रीड’ (टोरीला वाचता का येत नाही) या बँडचा त्याच नावाचा अल्बम निघाला. नावात पीबडीतल्या त्या स्वरलिपीचीच आठवण आहे. अल्बम सपशेल पडला. चकचकीत सिंथेसायझर आणि त्या काळच्या हार्ड रॉकचा थाट यांत त्यांचा पियानो दबून गेला होता. मात्र अटलांटिक रेकॉर्ड्सशी झालेला करार कायम होता. नव्या गाण्यांचा पहिला मसुदा कंपनीने नाकारला. फेरफारानंतर त्यांना लंडनला पाठवण्यात आले आणि १९९२ च्या जानेवारीत ‘लिटल अर्थक्वेक्स’ हा अल्बम तिथे आधी प्रसिद्ध झाला.

त्यातले ‘मी अँड अ गन’ हे गाणे बलात्काराविषयी आहे. विशीत असताना लॉस एंजेलिसमध्ये स्वतःवर झालेल्या अत्याचारातून ते लिहिल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. गाण्याला एकही वाद्य नाही. पियानो हीच जिची ओळख, तिने इथे पियानो बाजूला ठेवला, आणि हाच या रचनेतला सर्वांत मोठा सांगीतिक निर्णय होय. वाद्याच्या तुकड्यात गायिकेला दम घेता येतो, ऐकणाऱ्यालाही क्षणभर मन दुसरीकडे वळवता येते. इथे तशी फटच ठेवलेली नाही.

मंचावर त्या बोसेनडॉर्फर ग्रँड पियानो वाजवतात. या कंपनीच्या २९० सेंटिमीटर लांबीच्या ‘इंपीरियल’ नमुन्याला नेहमीच्या ८८ ऐवजी ९७ पट्ट्या असतात. जादा नऊ पट्ट्या खर्जाच्या बाजूला असून वादकाचा अंदाज चुकू नये म्हणून त्या काळ्या रंगाच्या असतात. त्या क्वचितच वाजवल्या जातात, पण त्यांच्या तारा इतर स्वरांबरोबर झंकारतात आणि खर्जाला भरीवपणा येतो. एमस अनेकदा बाकावर दोन वाद्यांच्या मधोमध बसतात : एका हाताखाली पियानो, दुसऱ्या हाताखाली हार्पसिकॉर्ड (तारा छेडून वाजणारे जुने पट्टीवाद्य) किंवा ऑर्गन.

‘अंडर द पिंक’ (१९९४) ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ‘बॉईज फॉर पेले’ची (१९९६) निर्मिती त्यांनी स्वतः केली, त्याचे बरेचसे ध्वनिमुद्रण आयर्लंडमधील एका चर्चमध्ये झाले. ‘स्ट्रेंज लिटल गर्ल्स’मध्ये (२००१) पुरुषांनी लिहिलेली गाणी त्यांनी स्त्रीच्या तोंडून गायली. पुढे डॉइचे ग्रामोफोन या अभिजात संगीताच्या जर्मन कंपनीसाठी ‘नाइट ऑफ हंटर्स’ (२०११) आणि लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी एक संगीतिकाही (२०१३) त्यांनी केली.

‘मी अँड अ गन’नंतर स्वतःवरचे अत्याचार सांगणाऱ्या श्रोत्यांचा ओघ त्यांच्याकडे सुरू झाला. ऐकून घेणे गायिकेला शक्य असते. त्यापुढचे वैद्यकीय तपासणी, कायदा, निवारा आणि समुपदेशन यांचे काम प्रशिक्षित माणसांचेच. १९९४ मध्ये ‘रेप, अब्यूज अँड इन्सेस्ट नॅशनल नेटवर्क’ म्हणजेच ‘रेन’ ही लैंगिक अत्याचारग्रस्तांना मदत करणारी अमेरिकन संस्था स्थापन झाली. जूनमध्ये तिच्या हेल्पलाइनचा पहिला औपचारिक कॉल एमस यांनी घेतला आणि त्या संस्थेच्या पहिल्या राष्ट्रीय प्रवक्त्या झाल्या. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी संस्थेसाठी मैफल केली. ‘सायलेंट ऑल दीज इयर्स’ हे गाणेही त्याच वर्षी निधीसाठी पुन्हा प्रसिद्ध करण्यात आले.

ही हेल्पलाइन म्हणजे सगळे कॉल घेणारी एकच मोठी कचेरी नव्हे. देशभर एक निःशुल्क क्रमांक आहे. त्याचे शेवटचे चार आकडे, ४६७३, फोनच्या बटणांवर ‘होप’ हा शब्द बनवतात. कॉल आला की यंत्रणा कॉल करणाऱ्याच्या क्रमांकाचे पहिले सहा आकडे, म्हणजे एरिया कोड (भागाचा क्रमांक) आणि एक्स्चेंज (तिथल्या टेलिफोन केंद्राचा क्रमांक), पाहून जवळच्या संलग्न केंद्राला जोडून देते. त्यामुळे पलीकडच्या समुपदेशकाला आसपासची रुग्णालये आणि राज्याचा कायदा माहीत असतो. मोबाइल आल्यावर यात घोळ होऊ लागला : माणूस गाव बदलतो, एरिया कोड जुनाच राहतो, आणि कॉल शेकडो मैल दूरच्या केंद्रात जातो. म्हणून मोबाइलवरून बोलणाऱ्याला आपण आहोत तिथला पिनकोड दाबण्याची सोय दिलेली आहे. अत्याचार करणारा घरातच असेल, तर फोनवर बोलणेच धोक्याचे ठरते. अशा वेळी २००६ पासूनची ऑनलाइन लेखी सेवा उपयोगी पडते. दोन्हीकडे नाव सांगावे लागत नाही. अल्पवयीन व्यक्तीने मात्र ओळख पटेल अशी माहिती दिल्यास काही राज्यांच्या कायद्यानुसार केंद्राला ती अधिकाऱ्यांना कळवावी लागते.