स्मोक अलार्म आणि स्मोक डिटेक्टर: सिक्युरिटी पॅनलला नेमकं काय जोडायचं?

अमेरिकेत घर घेतलं की छताला स्मोक अलार्म आयतेच मिळतात. त्यांची ओळख करून द्यायला नको. फोडणीत मिरची जरा करपली की ते स्वतःच करून देतात. पुढे सिक्युरिटी सिस्टीम घेतली, तिचं पॅनल म्हणजे सगळे इशारे गोळा करणारी मुख्य पेटी घरात आली, की हमखास सल्ला येतो: "अलार्म एकमेकांना जोडलेले आहेतच, त्यातली तिसरी वायर पॅनलला दे, झालं काम." काम होत नाही, उलट पॅनल बिघडू शकतं.

अलार्मच्या पेटीत काळी आणि पांढरी वायर १२० व्होल्टची. तिसरी, बहुधा नारिंगी किंवा लाल, अलार्मनी एकमेकांना उठवण्यासाठी. एकाला धूर लागला की तो या वायरवर, सहसा ९ व्होल्टच्या आसपास, विजेचा दाब सोडतो आणि बाकीचे वाजू लागतात. ही भाषा त्यांची आपसातली. कंपनी बदलली तर दुसऱ्या अलार्मलाही ती कळेल याचा भरवसा नाही, तिथे पॅनलचं काय!

सिस्टीमचा स्मोक डिटेक्टर दिसायला तसाच, पण त्याला वीज पॅनलकडून मिळते, साधारण १२ व्होल्ट, आणि बोंब मारायचं काम पॅनलच्या सायरनचं. दोन वायरचा की चार वायरचा, हे पॅनलच्या पुस्तिकेत बघा. यूएल ही उपकरणांची सुरक्षितता तपासणारी अमेरिकी संस्था. अलार्म तिच्या यूएल २१७ या मानकाखाली तपासलेला असतो, डिटेक्टर यूएल २६८ खाली. मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं. आयोनायझेशन की फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे धूर कोणत्या पद्धतीने ओळखायचा, हा वाद इथे आणूच नका, अलार्म की डिटेक्टर या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

खरी गफलत पुढे आहे. "मग मधे रिले टाकू" असं म्हणतात (रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), आणि ते बरोबरही आहे. अलार्मच्या कंपनीचंच रिले मॉड्यूल मिळतं. तिसऱ्या वायरवर इशारा आला की त्यातला संपर्क जुळतो आणि पॅनलला आग कळते. यावर लोक समजतात की आता अलार्म आणि डिटेक्टर सारखेच झाले. झाले नाहीत.

पॅनल वायरीवर सतत लक्ष ठेवून असतं. वायरीच्या अगदी शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारा छोटा भाग, बसवलेला असतो. तेवढाच रोध दिसला तर सगळं ठीक. संपर्क जुळून रोध जवळजवळ शून्य झाला तर आग. वायर तुटून मार्ग खुला झाला तर ट्रबल, म्हणजे बिघाडाची सूचना. नीट जोडणी केली असेल तर डिटेक्टर छतावरून काढल्यावरही कीपॅड कुरकुरतो. रिलेच्या बाबतीत ही पहारेदारी रिलेपाशीच संपते. पलीकडचा अलार्म रात्री तीन वाजता बॅटरीसाठी चिवचिवला म्हणून कोणी काढून ड्रॉवरमध्ये टाकला, तरी पॅनल वर्षानुवर्षं "सर्व ठीक" दाखवत राहील. त्यात साधं रिले मॉड्यूल घरच्या विजेवर चालतं. वीज गेल्यावर अलार्म आपल्या बॅटरीवर वाजतील, पण रिले ते पॅनलला सांगेलच असं नाही. आणि रेझिस्टर पॅनलच्या पेटीतच खुपसून ठेवणाऱ्या इन्स्टॉलरला मी घरात घेणार नाही. तसं केलं की वायर तुटली तरी कळत नाही, सगळा खटाटोप फुकट.

दुसरी चीड: झोन, म्हणजे पॅनलमधली एकेका वायरीची जागा. जोडणी उत्तम, पण प्रोग्रॅमिंगमध्ये झोन चोरीचाच ठेवलेला. म्हणजे सिस्टीम आर्म केली, पहाऱ्यावर लावली, तरच आग कळणार! झोन फायर प्रकारचाच हवा, तो चोवीस तास जागा असतो.

धूर विरला की अलार्म आपोआप गप्प होतो. डिटेक्टर मात्र रीसेट करेपर्यंत अडून बसतो, त्यामुळे कोणता लागला ते नंतरही सापडतं.

माझं मत विचाराल तर छत उघडं असेल, नूतनीकरण चालू असेल, तर सरळ डिटेक्टरच्या वायरी टाका. तयार घरात छत फोडायचं नसेल तर रिलेपेक्षा मला लिसनर बरा वाटतो. तो अलार्मशेजारी बसून तीन ठोके आणि विराम हा धुराचा ताल ऐकतो आणि वायरलेसने पॅनलला कळवतो. अलार्म आपसात जोडलेले असतील तर एकच पुरतो. अलार्म जागेवर आहे की नाही हे त्यालाही कळत नाही, पण १२० व्होल्टच्या पेटीत हात घालावा लागत नाही.

काही केलं तरी जुने अलार्म उतरवू नका. न्यू जर्सीत घर विकताना किंवा भाडेकरू बदलताना त्यांचं प्रमाणपत्र मागतात. मागची तारीख मात्र बघा. बनवल्यापासून दहा वर्षं झाली असतील तर जोडणीचा विचार करण्याआधी अलार्मच बदला.

चाचणीचं बटण दाबण्याआधी मॉनिटरिंग केंद्राला, म्हणजे पॅनलचे इशारे घेऊन बंब बोलावणाऱ्या कंपनीला, फोन करून सिस्टीम टेस्टवर टाकायला सांगा. नाहीतर बंब दारात येतो, आणि असं वारंवार झालं तर बऱ्याच गावांत दंडही होतो.