सीआरएमओ : निदान

मुलांच्या व किशोरवयीनांच्या हाडांत जंतुसंसर्गाशिवाय उद्भवणारा, शमून पुन्हा उसळणारा दाह म्हणजे सीआरएमओ (क्रॉनिक रिकरंट मल्टिफोकल ऑस्टिओमायलायटिस). याला सीएनओ (क्रॉनिक नॉनबॅक्टेरियल ऑस्टिओमायलायटिस) असेही म्हणतात. गिडिऑन व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. शरीराची जन्मजात प्रतिकारयंत्रणा विनाकारण भडकल्याने तो होतो, असे मानले जाते. मुलींमध्ये प्रमाण अधिक.

रोग्याची तक्रार साधी असते : नडगी, घोटा किंवा पाठ दुखते, रात्री जास्त. ताप बहुधा नसतोच. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून ते सोडून दिले जाते आणि निदानाला महिने, कधी वर्षे लागतात. गळपट्टीच्या हाडाच्या (कॉलर बोनच्या) छातीच्या मध्याकडील टोकाला आलेली टणक, दुखरी सूज मात्र अनुभवी डॉक्टरला लगेच सावध करते. तेथे जंतुजन्य अस्थिदाह क्वचितच होतो. तळहात-तळपायांवरील पुटकुळ्या, सोरायसिस किंवा आतड्याचा जुनाट दाह यांची चौकशीही हवी.

या रोगाची खूण पटवणारी रक्ततपासणी नाही. ईएसआर व सीआरपी हे रक्तातील दाहाचे निर्देशक किंचित वाढलेले किंवा चक्क सामान्य असतात. सुरुवातीच्या एक्स-रेतही काही दिसेलच असे नाही. पुढे वाढीच्या कूर्चेलगत काळसर डाग व त्यांभोवती पांढरी कड उमटते. खरी मदत होते ती संपूर्ण शरीराच्या एमआरआयची. चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या चित्रांत हाडातील सूज उजळ दिसते. मूल एकच पाय दाखवते, पण चित्रात दुसरी नडगी, कटी, एखादा मणकाही उजळलेला असतो. मणक्यातील मूक दाह शोधणे विशेष गरजेचे, कारण असा मणका दबून चपटा होऊ शकतो.

तरीही रक्ताचा कर्करोग, यूइंग सार्कोमा (हाडाचा कर्करोग), लँगरहॅन्स या प्रतिकारपेशींचा विकार व जंतुजन्य अस्थिदाह वगळल्याशिवाय हे नाव देता येत नाही. बायॉप्सी प्रत्येकालाच लागते असे नाही. २०१६ च्या ब्रिस्टल निकषांनुसार (या रोगाच्या निदानाच्या कसोट्या) लक्षणे व चित्रे नमुनेदार असतील, एकाहून अधिक हाडे किंवा एकटे गळपट्टीचे हाड बाधित असेल आणि सीआरपी लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल, तर ती टाळता येते. अन्यथा हाडाचा तुकडा काढावाच लागतो. त्यात दाहपेशी दिसाव्यात, पण जंतू वाढू नयेत, आणि हे प्रतिजैविके चालू नसताना. ती आधीच सुरू असतील तर जंतू न सापडण्याला फारसा अर्थ उरत नाही.