यकृत स्वतःसाठी काय जाळते? एका प्रश्नाच्या शोधाचा इतिहास

आषाढी एकादशीला पंढरपुरात आणि सोलापूर जिल्ह्यातील घरोघरी जो कडक उपवास धरला जातो, तो द्वादशीला सुटेपर्यंत निरोगी माणसाच्या रक्तातील साखर फारशी ढळत नाही. (साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांना येथे धरलेले नाही, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यामुळे यकृताच्या लेखी तो उपवासच नव्हे.) प्रौढ माणसाच्या यकृतात ग्लायकोजेनचा (साखरेच्या साठवणीच्या रूपाचा) साठा सुमारे १०० ग्रॅम असतो आणि एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. म्हणजे साठा दिवसभरात संपत येतो आणि यकृताला नवी साखर घडवावी लागते. त्यासाठी लागणारी ऊर्जा यकृतपेशी कोठून आणते, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी फार उशिरा हाती घेतला. यकृत इतरांना काय देते, हे मात्र शंभर वर्षे आधीच कळले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साखर फक्त वनस्पती बनवतात, प्राणी ती केवळ खर्च करतात, असे मानले जाई. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांना १८४८ मध्ये केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्यांच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर आढळली. १८५५ मध्ये त्यांनी प्राण्याचे ताजे यकृत काढून त्याच्या रक्तवाहिन्यांतून सुमारे ४० मिनिटे पाणी सोडले. बाहेर पडणाऱ्या पाण्यात साखरेचा मागमूस उरला नाही, तेव्हा ते धुतलेले यकृत त्यांनी तसेच ठेवून दिले आणि दुसऱ्या दिवशी तपासले, तर त्यात भरपूर साखर तयार झालेली होती. रक्त नाही, अन्न नाही, तरीही साखर आली, याचा अर्थ ती यकृतातच दुसऱ्या कोणत्या तरी रूपात दडलेली होती. ते रूप, म्हणजे ग्लायकोजेन, त्यांनी १८५७ मध्ये वेगळे करून दाखवले.

पुढचा टप्पा कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याचा. राबणाऱ्या स्नायूत तयार झालेले लॅक्टिक आम्ल रक्तावाटे यकृतात जाते आणि ग्लुकोज होऊन परत येते, हे चक्र त्यांनी १९२९ च्या सुमारास मांडले. सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराच्या शरीरातही ते चालू असते. या चक्राचा हिशेब मात्र तोट्याचा आहे: एका ग्लुकोजमागे स्नायूला दोन एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात आणि ते ग्लुकोज पुन्हा घडवताना यकृताला सहा एटीपीइतकी ऊर्जा खर्चावी लागते. हा एटीपी रेणूही १९२९ मध्येच सापडला, जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि स्वतंत्रपणे हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत सुब्बारावांचे नाव याहून ठळकपणे यायला हवे.

सहा एटीपींचा हा भुर्दंड भरतो कोण, याचे उत्तर चरबीच्या ज्वलनात सापडले. युजीन केनेडी आणि आल्बर्ट लेनिंजर यांनी १९४९ च्या सुमारास उंदराच्या यकृतातून मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे, वेगळे काढून मेदाम्लांचे (चरबीच्या घटकांचे) ज्वलन तेथेच होते, हे सिद्ध केले. त्या ज्वलनाचा वेग पेशीतील एडीपीवर, म्हणजे खर्ची पडलेल्या एटीपीवर, अवलंबून असतो, हे ब्रिटन चान्स आणि जी. आर. विल्यम्स यांनी १९५५ मध्ये दाखवले. उपाशीपोटी यकृतपेशी स्वतः मुख्यतः चरबीवर भागवते आणि ग्लुकोज बाहेर पाठवते. याच ज्वलनातून ती कीटोन द्रव्येही, म्हणजे इतर अवयवांना इंधन म्हणून चालणारे पदार्थही, बनवते. मेंदू आणि स्नायू ती वापरतात, पण ती जाळण्याचे विकर (एन्झाइम) खुद्द यकृताकडे नसते.

हे सारे केव्हा सुरू करायचे आणि केव्हा थांबवायचे, हा निरोप बाहेरून येतो. अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यांनी यकृताच्या पेशी फोडून त्यांतील जड कण बाजूला काढले, तेव्हा उरलेल्या द्रवावर अॅड्रेनॅलिन या संप्रेरकाचा परिणाम होईनासा झाला. मग त्यांनी बाजूला काढलेल्या कणांवर संप्रेरक टाकले, मिश्रण उकळले आणि ते त्या द्रवात मिसळले, तर ग्लायकोजेन फोडणारे विकर पुन्हा जागे झाले. उकळूनही टिकणारा तो दूत म्हणजे सायक्लिक एएमपी. या कामासाठी सदरलँड यांना १९७१ चे नोबेल मिळाले.

साखर आणि चरबी या दोन वाटांची गाठ नेमकी कोठे बसते, हे १९७७ मध्ये डॅलसला डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांनी उलगडले. जेवणानंतर इन्सुलिन वाढले की यकृतपेशीत मॅलोनिल-कोए तयार होते. हा चरबी बनवण्याच्या वाटेवरचा पहिलाच पदार्थ, आणि तोच मेदाम्लांना मायटोकाँड्रियात शिरण्यापासून अडवतो. त्यामुळे चरबी बनवणे आणि जाळणे ही कामे एकाच वेळी जोरात चालत नाहीत. १९८० मध्ये बेल्जियममध्ये एमिल व्हान शाफ्टिंगेन, लुई ह्यू आणि हेन्री-जेरी हर्स यांना साखरेच्या विघटनाला चालना देणारे फ्रुक्टोज २,६-बिसफॉस्फेट सापडले, तेही ग्लुकागॉन हे उपाशीपोटी वाढणारे संप्रेरक यकृतातील साखरेचे विघटन कसे थोपवते याचा माग काढताना. पुढे एएमपी (एटीपी खर्ची पडल्यावर उरणारा रेणू) वाढताच, म्हणजे पेशीत ऊर्जेची चणचण भासताच, चरबीनिर्मिती बंद पाडणाऱ्या एएमपीके या विकराची त्यात भर पडली.

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द आता सर्रास दिसतात, त्यांचा अर्थ याच गाठीपाशी लागतो. इन्सुलिन सतत चढे राहिले, तर यकृतपेशी चरबी बनवतच राहते आणि जाळण्याची वाट अडलेली राहते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत या विकाराच्या पुढच्या, यकृताच्या ऊतीत कठीण वण पडू लागलेल्या अवस्थेसाठी रेस्मेटिरोम या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली; ते यकृतपेशीतील थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीवर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या रेणूवर, काम करून चरबीचे ज्वलन वाढवते.