आनमेल्डुंग : जर्मनीतील निवासनोंदणी आणि परदेशी विद्यार्थी

आनमेल्डुंग : जर्मनीत राहायला आलेल्या कोणाही व्यक्तीने आपला पत्ता स्थानिक पालिकेच्या नोंदवहीत लावून घेण्याचे कायदेशीर कर्तव्य. ‘मेल्डेन’ या जर्मन क्रियापदाचा अर्थ कळवणे, वर्दी देणे. मराठीतला ‘वर्दी’ हा शब्दच इथे ‘नोंदणी’पेक्षा नेमका बसतो, कारण आनमेल्डुंगमध्ये सरकारकडे परवानगी मागायची नसते, ‘मी अमुक तारखेपासून अमुक घरात राहतो’ एवढे कळवायचे असते. देशात राहण्याचा हक्क व्हिसाने आणि पुढे निवास-परवान्याने मिळतो, नोंदणीने नाही. हे कर्तव्य जर्मन नागरिकांनाही तेवढेच लागू आहे. गल्ली बदलली तरी नवा पत्ता कळवावा लागतो, आणि त्या फेरनोंदणीला ‘उममेल्डुंग’ म्हणतात.

भारतीय विद्यार्थ्यांच्या बोलण्यात याचे नाव ‘सिटी रजिस्ट्रेशन’. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. पुढच्या वर्षी त्यांची संख्या ४९ हजारांवर गेली. पुण्यात मॅक्समुल्लर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून, अभियांत्रिकीच्या पुढच्या पदवीसाठी निघालेली मुले त्यांत पुष्कळ. वर्गात त्यांनी ‘डेर, डी, दास’ घोकलेले असते, पण तिथे उतरल्यावर कानावर पडणारा पहिला प्रश्न ‘आनमेल्डुंग झालं का?’ हाच असतो.

मुदत आणि कचेरी : १ नोव्हेंबर २०१५ पासून देशभर एकच संघीय नोंदणी कायदा लागू आहे. त्याच्या १७ व्या कलमानुसार घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. दिवस मोजायचे ते घरात पाऊल ठेवल्यापासून, विमानातून उतरल्यापासून नव्हे. हा फरक नवख्यांच्या लक्षात येत नाही आणि ते उगाच धास्तावतात. परदेशात राहणारा माणूस थोड्या काळासाठी आला असेल, तर तीन महिन्यांपर्यंत त्याला सूट आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेल्याने तिचा आधार घेण्यात अर्थ नाही. उशीर झाल्यास कायद्यात १,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. कचेरीचे नाव गावोगाव बदलते. बर्लिनमध्ये ती ‘ब्युर्गरआम्ट’, हॅम्बुर्गमध्ये ‘हॅम्बुर्ग सर्व्हिस’ (पूर्वीचे ‘कुंडेनत्सेंट्रुम’), इतर अनेक ठिकाणी ‘ब्युर्गरब्युरो’ किंवा नुसते ‘मेल्डेआम्ट’.

या कचेरीत जायला आधी वेळ घ्यावी लागते. तिला ‘टेर्मिन’ म्हणतात, आणि मोठ्या शहरांत विद्यार्थ्यांची खरी परीक्षा तिथेच होते. कायदा चौदा दिवस म्हणतो, आणि ऑक्टोबरात सगळी विद्यापीठे एकदम उघडल्यावर संकेतस्थळावरच्या तारखा कधी कधी महिनाभर पुढच्या दिसतात. घेतलेली वेळ रद्द करणारेही असतात, म्हणून सकाळी सकाळी पान पुन्हा पुन्हा उघडून पाहणे हा तिथला रूढ उद्योग आहे. आपण मुदतीत वेळ मागितली होती हे दाखवता आले, तर नंतरची तारीख मिळाल्याबद्दल सहसा कोणी दंड लावत नाही. छोट्या विद्यापीठ-गावांत सारे सोपे असते. काही ठिकाणी सत्राच्या सुरुवातीला पालिकेचे कर्मचारीच विद्यापीठात टेबल मांडून बसतात. अलीकडे घरबसल्या संगणकावरून पत्ता बदलण्याची सोयही अनेक शहरांत झाली आहे. परदेशातून पहिल्यांदाच येणाऱ्याला मात्र ती चालत नाही. त्याने कचेरीची पायरी चढायलाच हवी.

घरमालकाचा दाखला : टेबलासमोरचे काम दहा मिनिटांचे. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घर देणाऱ्याचा सहीनिशी दाखला एवढेच लागते. या दाखल्याचे नाव ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. उच्चारायला जितके अवघड, मिळवायला कधी कधी त्याहून अवघड. त्यात घर देणाऱ्याचे नाव व पत्ता, मालक वेगळा असल्यास त्याचे नाव, राहायला आल्याची तारीख, घराचा पत्ता आणि राहणाऱ्यांची नावे असतात. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. करार हातात असूनही परत पाठवलेले विद्यार्थी दर सत्रात असतात. घर देणारा म्हणजे मालकच असला पाहिजे असेही नाही. चारपाच जणांच्या सामायिक घरात, ज्याला तिथे ‘वे-गे’ म्हणतात, ज्याच्या नावावर मूळ करार आहे तो भाडेकरूही आपल्या पोटभाडेकरूला हा दाखला देऊ शकतो. देशातल्या ५७ विद्यार्थी-सेवा संस्थांपैकी एखादीच्या वसतिगृहात खोली मिळाली, तर दाखला चावीबरोबरच हातात पडतो.

पण वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत एकेक सत्र जाते. मग विद्यार्थी दोन महिन्यांची खोली घेतो, आणि जाहिरातीत तळाशी लिहिलेले असते : ‘आनमेल्डुंग शक्य नाही.’ कधी मूळ भाडेकरूने मालकाला न विचारता खोली दिलेली असते, कधी मालकाला मिळकत उघड करायची नसते. कायदा याबाबत विद्यार्थ्याच्या बाजूने आहे. दाखला देणे ही घर देणाऱ्याची जबाबदारी आहे, नाकारल्यास त्यालाही दंड होऊ शकतो, आणि नकार मिळाल्याचे विद्यार्थ्याने कचेरीला लगेच कळवावे अशी तरतूद आहे. नुकत्याच आलेल्या, दुसरे छप्पर नसलेल्या मुलाने मालकाविरुद्ध कचेरीत जाऊन वर्दी द्यावी, ही अपेक्षा कागदावरच शोभते. आनमेल्डुंगची अडचण कागदांची म्हणून सांगितली जाते; प्रत्यक्षात ती घरटंचाईची आहे.

या टंचाईवर जगणारा काळाबाजारही आहे. पैसे घेऊन नुसता पत्ता ‘देणारे’ भेटतात; खोली नाही, फक्त दाखला. प्रत्यक्ष राहायला न येणाऱ्याला नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्यास ५० हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. ओळखीच्या दादाने मदत म्हणून स्वतःचा पत्ता दिला, तरी तो याच कलमाखाली येतो. पाहुणा म्हणून खरोखरच त्याच्याकडे राहायला गेले, तर गोष्ट वेगळी.

नाव आणि टपालपेटी : मराठी नावांची इथे एक गंमत होते. आपल्या पासपोर्टावर ‘दिलेले नाव’ या रकान्यात बहुधा स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एकत्र असते. जर्मन नोंदवहीत मधले नाव असा प्रकार नाही. आडनावाआधीचे सगळे म्हणजे व्यक्तीची स्वतःची नावे. त्यामुळे स्नेहा प्रकाश अमुक ही मुलगी जर्मन दप्तरी ‘स्नेहा’ आणि ‘प्रकाश’ अशी दोन पहिली नावे असलेली बाई होते. बँक, विमा, विद्यापीठ सगळीकडे नाव नोंदवहीतल्यासारखेच लिहिले तर पुढे त्रास होत नाही. एका ठिकाणी वडिलांचे नाव गाळले की पत्रव्यवहार सुरू होतो.

जर्मन पत्त्यात इमारतीचा क्रमांक असतो, फ्लॅटचा क्रमांक लिहायची पद्धत नाही. पोस्टमन टपालपेटीवरचे आडनाव पाहून पत्र टाकतो, नाव नसेल तर परत पाठवतो. आनमेल्डुंगनंतरची सगळी महत्त्वाची पत्रे टपालानेच येतात, म्हणून कचेरीतून घरी आल्यावर पहिले काम पेटीवर आणि घंटीजवळ आडनावाची चिठ्ठी चिकटवण्याचे. जुने भाडेकरू ही सूचना नव्यांना हटकून देतात.

नोंदीवर काय काय अवलंबून : नोंद झाल्यावर हातात एक पानाची पावती मिळते, ‘मेल्डेबेश्टेटिगुंग’. ती मोफत असते. अधिक तपशिलाचा वेगळा दाखला हवा असल्यास थोडे शुल्क पडते. शाखा असलेल्या बहुतेक बँका खाते उघडताना ही पावती मागतात. भारतीय विद्यार्थी व्हिसासाठी बहुधा ‘श्पेअरकोंटो’ म्हणजे गोठवलेल्या खात्यात वर्षभराचा खर्च आधीच भरून येतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. ते उतरण्यासाठी चालू खाते लागते. स्वतःचेच पैसे असून पहिल्या महिन्यात वाणसामानाला उसनवारी करावी लागते ती या साखळीमुळे.

परदेशी नागरिकांची कचेरी, ‘आउसलेंडरबेहोर्डे’, ही निराळी यंत्रणा. विद्यार्थी ज्या व्हिसावर येतो त्याची मुदत संपण्याआधी तिच्याकडून निवास-परवाना घ्यायचा असतो, आणि कोणत्या गावची कचेरी हे प्रकरण हाताळणार ते नोंदलेल्या पत्त्यावरून ठरते. परवान्याचा अर्ज टेबलावर असताना दुसऱ्या शहरात घर बदलले, तर फाइलही प्रवासाला निघते. ती आठवडेच्या आठवडे वाटेत असते.

करांचे काम आपोआप होते. नोंदवहीत पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाला केंद्रीय कर कार्यालय ११ अंकी ओळख क्रमांक टपालाने पाठवते. तो आयुष्यभर एकच. अर्धवेळ नोकरी धरताना तो द्यावाच लागतो, न दिल्यास पगारातून चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो.

यानंतरचे पत्र कोणालाच आवडत नाही. ते सार्वजनिक रेडिओ-दूरदर्शनच्या वर्गणीचे, ‘रुंडफुंकबायट्राग’चे. २०१३ पासून ही वर्गणी संचावर नसून घरावर आहे. घरात टीव्ही नसला, जर्मन बातम्या कळत नसल्या, तरी प्रत्येक घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट. पत्ता वसुली केंद्राला कळतो तो थेट नोंदवहीतून. एका घरात एकानेच भरायची असते, म्हणून वे-गेत ती वाटून घेतात. परदेशी विद्यार्थी आहे एवढ्यावरून माफी मिळत नाही, आणि पत्रे फेकून दिल्यास थकबाकी साचत जाते.

अर्जात धर्मसंस्थेचाही रकाना आहे. हिंदू, बौद्ध, मुस्लिम विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो गौण. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक विद्यार्थ्याने मात्र तो समजून भरावा, कारण तिथे कॅथलिक नोंदले गेले की आयकरावर चर्चकर लागू होतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबेर्ग या राज्यांत तो आयकराच्या ८ टक्के आहे, इतरत्र ९. आयकर भरण्याइतकी कमाई नसेपर्यंत हे जाणवत नाही. पहिल्या पूर्ण पगाराच्या चिठ्ठीवर जाणवते. त्यातून बाहेर पडायला राज्याच्या नियमाप्रमाणे न्यायालयात किंवा विवाह-जन्म नोंदणी कचेरीत जाऊन तसे जाहीर करावे लागते.

इतिहास : पुण्या-मुंबईच्या वाचकाला भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याची पद्धत परिचित आहे. जर्मनीतही हे दप्तर पूर्वी पोलिसांकडेच होते. ६ जानेवारी १९३८ च्या राष्ट्रीय नोंदणी आदेशाने नाझी राजवटीने ते देशभर एकसारखे केले. कोण कुठे राहतो याची ही पक्की यादी ज्यूंचा माग काढायला कामी आली. युद्धानंतर ते काम हळूहळू पोलिसांकडून पालिकांकडे गेले. तरी यादीबद्दलचा संशय जर्मन मनात टिकून आहे. १९८३ साठी ठरलेल्या जनगणनेत मिळणारी माहिती नोंदवहीशी ताडून पाहायची तरतूद होती; त्यावर मोठे आंदोलन झाले आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी संघीय घटना न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. आपल्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा नागरिकाचा हक्क याच निकालाने प्रस्थापित झाला.

सध्याच्या कायद्याच्या जन्मकथेत फुटबॉल आहे. २८ जून २०१२ रोजी युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात जर्मनी इटलीशी खेळत असताना, जवळजवळ रिकाम्या संसदेत हा मसुदा सुमारे ५७ सेकंदांत मंजूर झाला. पालिकेने जाहिरात कंपन्यांना पत्ते विकावेत, ज्याला नको असेल त्याने स्वतःहून हरकत घ्यावी, असे कलम त्यात घुसले होते. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला, राज्यांच्या सभागृहाने मसुदा अडवला आणि अंतिम कायद्यात पत्ता देण्यासाठी व्यक्तीची संमती आवश्यक झाली. (तो सामनाही जर्मनी हरली.) घरमालकाच्या दाखल्याची अट २००२ मध्ये उठवली होती, खोट्या नोंदी वाढल्या म्हणून याच कायद्याने ती परत आणली.

शेजारी देशांत रीत तीच, मुदत वेगळी. ऑस्ट्रियात तीन दिवस, नेदरलँड्समध्ये पाच. जपानमध्येही विद्यार्थ्याला चौदा दिवसांत पालिकेत जाऊन निवासपत्रावर पत्ता लिहून घ्यावा लागतो.

नोंद काढणे : देश सोडताना उलटी वर्दी द्यायची असते, तिला ‘आबमेल्डुंग’ म्हणतात. ती निघण्याच्या एक आठवडा आधीपासून निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत देता येते, टपालानेही. तिची पावती दाखवल्याशिवाय रेडिओ वर्गणी थांबवणे कठीण जाते. सामानाच्या वजनाच्या आणि निरोपाच्या धांदलीत हे काम पुष्कळांकडून राहून जाते, आणि त्याचा हिशेब देशाच्या आकडेवारीत दिसतो. २०११ च्या जनगणनेत जर्मनीची लोकसंख्या अंदाजापेक्षा १५ लाखांनी कमी भरली; त्यांत सुमारे ११ लाख परदेशी नागरिक होते. नोंदवहीत त्यांचे पत्ते होते, माणसे केव्हाच निघून गेली होती. २०२२ मध्ये पुन्हा मोजले, तेव्हा परत सुमारे १४ लाख कमी भरले.