क्यूची टिप: घरी काय करावं, दुकानात कधी आणावं

नमस्कार.

आमच्याकडे दुरुस्तीला येणारे स्नूकर-बिलियर्ड्सचे बरेचसे क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, 'फक्त टिप (टोकावरचं चामडं) बदलून द्या' म्हणून येतात. जुनी टिप काढली की खाली दिसतं ते वेगळंच: पितळी फेरूल (टिपेखालचं कडं) एका बाजूने घासलेली, तिच्याखालच्या लाकडावर ब्लेडचे कट, टोकाचा माथा तिरका. टिप झिजायचीच, संपली की दुसरी बसवता येते. पण ॲशचं किंवा मेपलचं लाकूड एकदा घासलं गेलं की ते परत मिळत नाही. म्हणून या पत्रकात टिपेइतकंच लाकडाबद्दलही लिहिलं आहे.

आधी तुमचा चॉक, म्हणजे टिप घसरू नये म्हणून तिला लावायचा ठोकळा, बघा. ठोकळ्यात मधोमध खोल खड्डा पडला असेल तर लावायची पद्धत बदला. चॉकमध्ये सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असते, म्हणजे ती घासणारीच वस्तू आहे. क्यूवर ठोकळा गरागरा फिरवला की खड्ड्याची कड फेरूलवर घासत राहते आणि काही महिन्यांत पितळ गळ्याशी बारीक होतं. चॉक टिपेच्या कडेकडेने हलक्या हाताने पुसल्यासारखा लावा. खेळ संपला की टोकावरची निळी-हिरवी पूड कोरड्या सुती फडक्याने पुसा. ॲशचे रेषे उघडे असतात, त्यांत ती पूड बसली की मग निघता निघत नाही.

टिप चकचकीत झाली की चॉक धरत नाही आणि मिसक्यू व्हायला लागतात, म्हणजे टिप चेंडूवरून घसरते. अशा वेळी बारीक पॉलिश पेपरचा तुकडा टिपेवर हलकेच दाबून खरखरीतपणा आणा, बस्स. दर फ्रेमला (डावाला) कानस मारायची सवय असेल तर ती सोडा, टिप त्यानेच लवकर संपते. गोलाई तपासायला एक रुपयाचं नाणं उभं धरा आणि टिपेचा घुमट त्याच्या कडेशेजारी लावून बघा. गोलाई साधारण तशी असली की पुरे. टिप सपाट झाली असेल तर ५२.५ मिलिमीटरच्या चेंडूवर बाजूला मारताना तिची कडच आधी टेकते आणि चेंडू निसटतो.

नवी टिप सुरुवातीला दबते आणि फेरूलच्या बाहेर पसरते. हा दोष नाही, चामड्याचा स्वभाव आहे. पसरलेली कड कापून घ्या, पण त्याआधी फेरूल आणि खालच्या लाकडावर मास्किंग टेपचे दोन वेढे द्या. पुण्यात बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात हा टेप मिळतो. तो न लावता पॉलिश पेपर फिरवणं, हेच लाकूड बारीक होण्याचं सगळ्यात मोठं कारण आम्हाला दिसतं.

फेरूलच्या वर चामडं दीड-दोन मिलिमीटरच उरलं की टिप बदला. घरी बदलणार असाल तर जुनी टिप पकडीने पिळून काढू नका, माथ्याच्या लाकडाचे रेषे तिच्याबरोबर उपटून येतात. फेरूलच्या किंचित वर ब्लेडने चामडं कापा आणि उरलेला थर खरवडा. जुना गोंद पूर्ण निघून पितळ आणि मधलं लाकूड स्वच्छ दिसलं पाहिजे. आता स्टीलची पट्टी माथ्यावर उभी धरून उजेडाकडे बघा. पट्टीखालून कुठेही उजेड दिसला तर माथा सपाट नाही. इथे थांबा आणि क्यू आमच्याकडे आणा. हातात धरून कानस मारली की माथा हमखास तिरका होतो, आणि तो सरळ करायला दर वेळी थोडी फेरूल खर्ची पडते. ती फार आखूड झाली की फेरूलच बदलावी लागते, क्यू मागे कापावा लागतो. शाफ्ट, म्हणजे क्यूचा दांडा, टोकाकडे निमुळता असल्यामुळे मागे कापलेलं टोक आधीपेक्षा जाड येतं. नेम तोच असूनही हाताला क्यू परका लागतो, तो यामुळे.

माथा सपाट असेल तर फेरूलपेक्षा किंचित मोठी टिप घ्या, म्हणजे ९.५ मिलिमीटरच्या फेरूलला १० ची. टिपेचा तळ सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासा. ग्लू जेलसारखा घट्ट असावा. पातळ इन्स्टंट ग्लू रेषांमध्ये उतरतो आणि पुढच्या वेळी काढताना त्रास देतो. एकच थेंब टाका, टिप मधोमध बसवून दाबून धरा, बाहेर आलेला ग्लू लगेच पुसा. त्याच दिवशी खेळायची घाई नको. वाळल्यावर टोक खाली करून लाकडी पाटावर दाबा आणि बाहेरचं चामडं धारदार ब्लेडने थोडं थोडं कापा. शेवटी कडेला पाण्याचं बोट लावून जाड कागदाने जोरात घासलं की कड कडक होते.

फेरूल हलत असेल तर घरी काहीही करू नका. टिप बोटाने टिचकवून ऐका. घट्ट फेरूल भरीव 'टक' देते, सुटलेली कंप पावल्यासारखी वाजते. फेरूलच्या खालच्या कडेला केसासारखी रेघ दिसत असेल तर ती लाकडाची चीर असू शकते. चिरेत ग्लू ओतून आणलेले क्यू दुरुस्त करायला आम्हाला दुप्पट वेळ लागतो.

पुण्यातले दोन ऋतू क्यूला मानवत नाहीत. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत क्यू ठेवला तर ग्लू सैल पडतो, शाफ्ट वाकतो. जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणाने चामडं मऊ पडतं. पावसात दुचाकीवरून आणला असेल तर क्यू केसमधून काढून पुसा, वाळवा आणि मगच परत ठेवा. भिंतीला तिरका टेकवून कधीही ठेवू नका.

क्लबचे मार्कर (टेबलं सांभाळणारे, गुण मोजणारे) टिप लगेच बसवून देतात आणि त्यातले काही जण फार सुरेख काम करतात. त्यांच्याकडून करून घ्यायला आमची ना नाही, फक्त टेप लावायला आवर्जून सांगा.

आमच्याकडे सकाळी दिलेला क्यू ग्लू पूर्ण वाळल्याशिवाय आम्ही परत देत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी न्यायच्या तयारीने या. येताना रोजचा चॉक सोबत आणा आणि आधीची टिप मऊ वाटत होती की कडक, ते सांगा. त्यावरून पुढची टिप निवडणं सोपं जातं.