सुपरहिरो कुणाचा? वेताळापासूनची पार्श्वभूमी

कोल्हापुरात 'आपला' हा शब्द मोठ्या अभिमानाने वापरतात. आपली पेठ, आपली तालीम, आपला मल्ल. त्यामुळे कॉमिक्समधल्या सुपरहिरोने स्वतःच्या देशाची मूल्यं मांडावीत की साऱ्या माणसांची, हा वाद इथे निघाला की फार वेळ हवेत राहत नाही. तो लगेच 'त्यो आपला हाय का?' या प्रश्नावर येतो. प्रश्न रास्त आहे. पण सुपरहिरो आधी देशाचे होते आणि नंतर जगाचे झाले, असा जो क्रम गृहीत धरला जातो, तो इतिहासात सापडत नाही. उलटंच सापडतं.

आमच्या पिढीपुरती ही गोष्ट मार्च १९६४ ला सुरू होते. मुंबईच्या एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाने इंद्रजाल कॉमिक्स काढलं आणि इंग्रजी-हिंदीबरोबर ते मराठीतही आलं. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले. त्यांतले निम्म्याहून अधिक वेताळाचे. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला चिमट्यांनी लटकवलेले ते अंक, मे महिन्याच्या सुट्टीतली अदलाबदल, शेवटचं पान फाटलेलं निघाल्यावरची भांडणं, हे सांगायला नकोच.

सांगायला हवं ते 'वेताळ' या नावाबद्दल. मूळ अमेरिकी चित्रमालिका १९३६ सालची, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधीची. त्या नायकाचं मूळ नाव 'फँटम' आणि बिरुद 'चालणारं भूत'. बाप मेला की मुलगा तोच पोशाख, तोच मुखवटा चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना तो अमर वाटतो. याला मराठीत काय म्हणायचं? भूत, पिशाच्च, छाया असं काहीही चाललं असतं. निवडला गेला वेताळ. आता आपल्याकडे वेताळ म्हणजे नुसतं भूत नव्हे. तो भुतांचा राजा, आणि त्याच वेळी गावाचा राखणदार. कोकणात आणि गोव्यात त्याला वहाणा वाहतात, कारण रात्री गावाभोवती फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. चालणाऱ्या भुताला याहून नेमकं नाव कुठून मिळणार? आमच्या शिवाजी पेठेत तर वेताळमाळ नावाची तालीमच आहे. शिवाय चांदोबातला, विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा वेताळ घरोघरी ओळखीचा होता. त्यामुळे जांभळ्या पोशाखातला परदेशी माणूस मराठी पोरांना परका वाटलाच नाही. वेशीवरचाच कुणीतरी वाटला.

या नावावर आक्षेपही घेतला जातो आणि तो निराधार नाही. मूळ कथेतला नायक ना देव ना भूत. तो हाडामांसाचा माणूस, इंग्रज दर्यावर्दीच्या कुळातला. त्याला वेताळ म्हणणं म्हणजे परक्या मालाला देशी वेष्टन लावणं, असं काही अभ्यासू मंडळी म्हणतात.

नावापेक्षा मोठा निर्णय मात्र पानांच्या आत झाला होता. मूळ मालिकेत जंगलाचं नाव बंगालची आठवण करून देणारं होतं. समुद्री चाचे 'सिंग' टोळीचे होते आणि नायकाच्या एका पूर्वजाच्या खुन्याचं नाव 'रामा' होतं. भारतीय आवृत्तीत जंगलाचं 'डेंकाली' झालं, 'सिंग'चे 'सिंगा' झाले, रामाचा 'रामालू' झाला. कुणी याला काटछाट म्हणतं, कुणी वाचकांच्या भावनांची कदर. मला वाटतं, या तीन बदलांत अख्खा वाद सामावलाय. खलनायक आपला दिसायला नको म्हणून अक्षरन् अक्षर तपासलं गेलं, पण नायक गोरा का आणि जंगलातली माणसं त्याच्यापुढे हात जोडून का उभी, हे कुणी बदललं नाही. बदलताही आलं नसतं, मालिका तिकडून तयार होऊन येत होती. राष्ट्रीय काळजी नावांपाशी थांबली.

आणि तरीही वेताळाची शपथ वाचून पाहा. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून पहिला वेताळ शपथ घेतो ती चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या नाशाची. त्यात ना राजा आहे, ना झेंडा, ना देश. एकाच नायकात वसाहतीचा वास आणि सर्वांसाठीची शपथ, दोन्ही आहेत. एक घेऊन दुसरं टाकता येत नाही.

'मग आपला कुठाय?' याचं उत्तर त्याच प्रकाशनाने १९७६ मध्ये दिलं. बहादूर आला. भगवा कुर्ता, खाली जीन्स. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. पोरगा सूड घ्यायला निघतो, वळतो आणि नागरिकांचं सुरक्षा दल उभं करतो. काळ आणीबाणीचा होता हे विसरून बहादूर वाचता येत नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या पुरत्या भारतीय नायकाकडे अलौकिक शक्ती नव्हती आणि त्याची मुख्य लढाई परक्या देशाशी नव्हती. ती आपल्याच खोऱ्यातल्या दरोडेखोरांशी होती. पुढे १९८६-८७ पासून हिंदीत नागराज, ध्रुव ही मंडळी आली. स्टँडवर तीही मिळायची. १९९७ ला दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाला आणि छापील कॉमिक्सचा जोर ओसरला.

अमेरिकेकडे वळतो, कारण 'राष्ट्रीय सुपरहिरो'चं उदाहरण म्हणून नेहमी तिकडचीच दोन नावं पुढे केली जातात.

१९३८ चा सुपरमॅन स्थलांतरित ज्यू कुटुंबांतल्या दोन तरुणांनी घडवला. सुरुवातीच्या गोष्टींत तो बायकोला मारणारा नवरा, भ्रष्ट राजकारणी, कामगारांचा जीव धोक्यात घालणारा खाणमालक यांच्या मागे लागतो. तो पीडितांचा कैवारी होता. १९४० मध्ये रेडिओ मालिका आली तेव्हाही 'सत्य आणि न्याय' एवढंच होतं. 'आणि अमेरिकी जीवनमार्ग' हे शेपूट १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना जोडलं गेलं. युद्ध सरल्यावर ते गळलं आणि १९५२ च्या दूरचित्रवाणी मालिकेत, शीतयुद्धात, परत चिकटलं. ज्याला आज मूळ ब्रीद समजतात ते असं दोन युद्धांनी दिलेलं आहे.

कॅप्टन अमेरिकाचा जन्मच झेंड्यात गुंडाळून झाला. पहिल्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावतो. तो अंक विक्रीला आला डिसेंबर १९४० मध्ये, अमेरिका युद्धात उतरण्याच्या वर्षभर आधी. म्हणजे तो ठोसा सरकारी धोरण नव्हता, सरकारच्या पुढे धावलेला होता. १९५४ मध्ये त्याला 'कम्युनिस्टांचा कर्दनकाळ' म्हणून पुन्हा काढलं, तेव्हा तीन अंकांत गाशा गुंडाळावा लागला. खरी गंमत पुढे आहे. १९६४ च्या मार्चमध्ये, म्हणजे आपल्याकडे वेताळ अवतरला त्याच महिन्याच्या अंकात, तो बर्फातून परत आला. आणि १९७२ मध्ये प्रकाशकांनी एक कथा रचून जाहीर केलं, की पन्नाशीच्या दशकातला तो माणूस खरा कॅप्टन नव्हताच, डोकं फिरलेला तोतया होता. स्वतःच छापलेला आंधळा देशाभिमान त्यांनी स्वतःच नाकारला. १९७४ मध्ये तर एका कटाचा माग व्हाइट हाउसपर्यंत गेल्यावर कॅप्टनने तो पोशाखच उतरवून ठेवला आणि काही काळ 'नोमॅड', म्हणजे भटक्या, या नावाने काम केलं. राष्ट्राध्यक्ष निक्सनला पायउतार करणाऱ्या वॉटरगेट घोटाळ्याचं वर्ष होतं ते.

२०११ मध्ये एका नऊ पानी कथेत सुपरमॅन तेहरानमधल्या निदर्शकांसोबत दिवसभर निमूट उभा राहतो. इराण त्याला अमेरिकेचा हस्तक ठरवतं, तेव्हा तो अमेरिकेचं नागरिकत्व सोडण्याचा इरादा बोलून दाखवतो. केवढा गदारोळ उठला! त्याच वर्षी कॅप्टनचा चित्रपट आला, तर रशिया, युक्रेन आणि दक्षिण कोरियात नावातून 'कॅप्टन अमेरिका' गाळून नुसतं 'पहिला अव्हेंजर' ठेवलं गेलं. २०२१ मध्ये सुपरमॅनच्या ब्रीदातला 'अमेरिकी जीवनमार्ग' काढून 'अधिक चांगला उद्या' आणला, तेव्हा परंपरा मोडल्याची ओरड झाली. कोणती परंपरा? १९४० ची की १९४२ ची?

आपल्या बाजूला २००४ मध्ये मुंबईच्या पवित्र प्रभाकरला स्पायडरमॅन केलं. धोतर नेसवलं, शक्ती योग्याकडून मिळवून दिली, खलनायकाचा राक्षस केला. भारतीय म्हणजे धोतर, योगी आणि राक्षस, एवढंच त्यात होतं. जे कोल्हापुरातल्या पोराला कधी दिसतच नाही, ते आपलं म्हणून समोर ठेवलं. मला ते तेव्हाही खटकलं होतं.

हाच पवित्र २०२३ च्या ॲनिमेशनपटात परत आला. तो चित्रपट भारतात मराठीसह दहा भाषांत लागला. त्यात पवित्र समोरच्यावर उखडतो, कारण तो चहाला 'चाय टी' म्हणतो. चाय म्हणजेच टी, दोनदा कशाला म्हणतोस? इथल्या चित्रपटगृहात त्या वाक्याला जो हशा उसळला, तसा आधीच्या कुठल्याच ठोशाला उसळला नव्हता. मागच्या रांगेतून एक पोरगं ओरडलं, "आपला हाय त्यो!"